गावंडेबाईंची क्लीन रूम

श्यामला गावंडे हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात मी गणित शिकवायचे, त्या फिजिक्सला नव्यानं लागल्या होत्या. स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची खांबेटेबाईंची, म्हणजे माझी, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "अहो, ही खुर्ची माझी आहे." त्या वर बघून म्हणाल्या, "नाव तर दिसत नाही जी कुठं." आणि डबा उघडून ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. सदाशिव पेठेत जन्मून, वाढून मला असं कोणी गप्प केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाई वर्धा जिल्ह्यातल्या, आर्वीच्या. नवरा पिंपरीला कारखान्यात, आणि या आमच्याकडे कंत्राटावर. दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र मिळणार की नाही, हे मे संपेपर्यंत कळायचं नाही. उंची बेताची, आवाज मात्र मैदानावरचा. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घेतली. मग समोर कोण आहे, आपलं पद काय, हवा कुठली आहे, काही बघायच्या नाहीत.

तर या बाईंनी डोक्यात नॅनो घेतलं. नव्वदनंतर पुण्याला सॉफ्टवेअरचं जे वेड लागलं होतं, ते ऐन भरात असतानाची ही गोष्ट. खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या, ज्याच्या त्याच्या गळ्यात कंपनीचा पट्टा. त्यात दिल्लीहून एक योजना निघाली. अतिसूक्ष्म थरांचं काम करू शकतील असे तंत्रज्ञ तयार करा, यंत्रांचे पैसे सरकार देईल. म्हणजे केसाच्या जाडीचे हजार भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाएवढा धातूचा थर काचेवर बसवायचा. स्टाफरूममध्ये सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज केला, दिल्लीला खेटे घातले, नामंजूर होऊन आला तेव्हा पुन्हा केला. आणि बाप्पा, मंजूर झाला!

मंजूर म्हणजे कसा? सरकारनं म्हैस दिली, पेंडीचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. मायक्रोस्कोपला पैसे, थर चढवायच्या मशीनला पैसे, पण चोवीस तास एसी चालायचा त्याच्या विजेला नाहीत. शिवाय अट अशी की पहिल्या वर्षात एक समिती येऊन पाहणार. समितीला पटलं तर कोर्स पुढे चालणार, नाहीतर बंद. बंद झाला तर पहिल्या बॅचला प्रमाणपत्रसुद्धा मिळणार नव्हतं.

आणि पहिली बॅच बाईंनी दारोदार फिरून जमवली होती. मी एकदा सोबत गेले होते, गावातल्या भैरूंकडे. भैरूंनी जमीन फार लवकर विकली होती आणि आता त्याच जागेवरच्या सोसायटीत ते वॉचमन होते. त्यांची मुलगी तेजस्विनी बी.एस्सी. झालेली, कॉल सेंटरची नोकरी हातात आलेली. भैरूंनी विचारलं, "नॅनो म्हंजी त्या बारक्या गाडीचं मेक्यानिक व्हय?" मला हसू आवरेना. बाई मात्र जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी त्या माणसाला सगळं समजावलं. औषधांचे कारखाने, सेन्सर, सोलर, कुठे कुठे अशी माणसं लागतात ते. शेवटी म्हणाल्या, "पोरीचं एक वर्ष मला द्या. काम नाही लागलं तर माझ्या घरी येऊन मला विचारा. हा माझा शब्द आहे." असा शब्द त्यांनी वीसेक घरांत दिला होता. परत येताना मी म्हटलं, "अहो, सरकारच्या भरवशावर आपला शब्द कशाला देता?" त्या म्हणाल्या, "मग कोणाच्या भरवशावर देऊ? तुमच्या?"

यंत्रं आली, क्लीन रूम उभी राहिली. क्लीन रूम म्हणजे अशी खोली, जिथे छतातल्या फिल्टरमधून गाळलेली हवा येते, आणि आत जाताना पांढरा झगा, टोपी, तोंडावर पट्टी, पायांत मोजे. इतक्या पातळ थरावर धुळीचा एक कण बसला तरी काम फुकट. तिथे तासातासाला धूळ मोजायचं यंत्रही होतं. मीसुद्धा त्या मुलांना आठवड्यातून दोनदा आकडेमोड शिकवायला जाऊ लागले. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा, पण मुलांचे चेहरे बघून जायचे.

आता आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूराव. गाव त्यांना तात्या म्हणायचं. कॉलेजची जमीन त्यांची, आसपासच्या निम्म्या सोसायट्या त्यांच्या जमिनीवर, भैरूंची नोकरी त्यांच्या मुलाच्या सोसायटीत. शिवाय भैरू त्यांचे सख्खे पुतणे. स्वतः सातवी शिकलेले, माणूस दिलदार. त्या मायक्रोस्कोपचं त्यांना भलतंच कौतुक. येईल त्या पाहुण्याला काचेतून दाखवायचे, "अमेरिकेत हाय तसलं हाय."

दसरा आला. बाई सणाला आर्वीला गेल्या, किल्ली प्राचार्य घैसासांकडे ठेवून. मी माझ्या घरी श्रीखंड खात होते. आणि इकडे तात्यांनी दरवर्षीप्रमाणे ट्रॅक्टरची पूजा केली, जेसीबीची केली, कॉलेजच्या बसची केली, आणि म्हणाले, "आता आपली अमेरिकेची मशीन." घैसासांनी किल्ली दिली. ते दुसरं काय करणार? नाही म्हणायची सवयच नव्हती. घरची सगळी मंडळी आत. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, झेंडूची माळ, वर आपट्याची पानं. उदबत्ती, कापूर, तबकात निरांजन. नारळ क्लीन रूमच्या उंबऱ्यावर फोडला आणि पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडलं.

सुट्टीनंतर बाई काचेसमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी शेजारी होते. "अवं माय!" एवढंच म्हणाल्या आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. दुःखानं नव्हतं ते, नुसता संताप. छतातले फिल्टर कापराच्या काजळीनं काळवंडलेले, धूळ मोजायच्या यंत्राचा आकडा बघवत नव्हता. समिती दिवाळीनंतर लगेच यायची होती.

तशाच उठून त्या तात्यांकडे गेल्या. तात्यांना काही कळेना. "अवो बाई, लक्ष्मी हाय ती. पूजा केल्याबिगर मशीन चालत असतीय व्हय? फडक्यानं पुसून घ्या की." त्यांच्या आवाजात खोट नव्हती, म्हणून तर बाईंना जास्त राग आला. त्या पाठ फिरवून परत आल्या.

घैसास सरांकडे तोडगा तयार होता. "समितीला काचेतूनच दाखवू. आत नाजूक प्रयोग चालू आहे म्हणू. शाल, श्रीफळ, उत्तम जेवण. फिल्टरचं खापर पुरवठादारावर फोडू."

"सर," बाई म्हणाल्या, "श्रीफळ एक फोडून झालंय. आणखी नको."

"मग तुम्ही काय करणार आहात, गावंडेबाई? नव्या फिल्टरचं टेंडर काढायलाच संक्रांत उजाडेल."

"खोली साफ करणार. मुलांकडून."

"हे मोलकरणीचं काम झालं. कोर्सला आलेत ती मुलं."

"कोर्स हाच आहे, सर."

घैसास सरांना ते कळलं नाही. मलाही त्या वेळी पूर्ण कळलं नव्हतं, पण मी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना रागावणं, रडगाणं काही केलं नाही. आतल्या भिंतींवरून पुसून घेतलेली धूळ काचेच्या पट्ट्यांवर त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "काय काय आलंय आत, ते शोधा. कुठून आलं ते सांगा. कशानं निघेल ते सांगा." आतला मायक्रोस्कोप वापरायची सोय नव्हती, म्हणून बाहेरचा साधा मायक्रोस्कोप घेऊन मुलं बसली. कुंकवाचा कण कसा दिसतो, हळदीचा कसा, नारळाच्या शेंडीचा धागा, कापराची काजळी. सुदर्शन नावाचा एक मुलगा होता, परभणीकडचा, वर्गात तोंड न उघडणारा. तो चक्क ओरडला, "मॅडम, हे झेंडूचे परागकण आहेत!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग सफाई. सगळं पुणं दिवाळीसाठी घरं झाडत होतं आणि ही मुलं क्लीन रूम पुसत होती. धागे न सुटणारी फडकी, स्पिरिट, आधी छत, मग भिंती, मग जमीन, आणि हात एकाच दिशेनं. मागे-पुढे फिरवला की बाई ओरडायच्या, "पाटा पुसता का रे घरचा?" काही मुलं दिवाळीला गावी गेलीच नाहीत. मी चकल्या आणि चिवडा घेऊन जायचे आणि तो फराळ बाहेरच्या व्हरांड्यात खाऊन, हात धुऊनच आत जायचं, अशी ताकीद मलाच मिळायची.

फिल्टरसाठी बाईंनी आसपासच्या औषध कंपन्यांचे उंबरे झिजवले. कारण तिथेही अशाच खोल्या असतात. एका ठिकाणी देखभालीचे साहेब म्हणाले, "फिल्टर देतो. पण ज्यांनी कापराची काजळी भिंतीवरून काढली, त्यातली दोन मुलं मला दाखवा." त्यांचे शिल्लकीतले जुने फिल्टर आले. त्या साहेबांना मी अजून दुवा देते.

पण खोली साफ झाली म्हणून बाई थांबल्या नाहीत. त्यांनी एक नियम केला. रोज एक विद्यार्थी दारावर. त्याचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला तर नाही. "माझ्यासाठीसुद्धा," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मुलं हसली. त्याच आठवड्यात सुदर्शन दारावर होता आणि त्यानं खाली मान घालून बाईंना सांगितलं, "मॅडम, तुम्ही पावडर लावलीय." बाई घाईत होत्या, माझ्याशी बोलत होत्या. "अरे, थोडीशी तर आहे." सुदर्शन घामानं भिजला, पण दारातून हलला नाही. बाई गेल्या, तोंड धुऊन आल्या आणि आत जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

समिती आली ती नोव्हेंबरात. चार माणसं, प्रमुख एक बंगळूरच्या बाई. सुती साडी, केसांत गजरा, आवाज इतका हळू की सगळ्यांना कान द्यावा लागे. गावंडेबाईंनी सुरुवातीलाच सगळं सांगून टाकलं. दसरा, पूजा, कापूर, आकडे किती वर गेले, आता किती आहेत. घैसास सरांचा चेहरा पडला. त्या बंगळूरच्या बाई फक्त म्हणाल्या, "बघू या."

त्या दिवशी दारावर तेजस्विनी होती.

आम्ही दारापाशी पोचलो तर समोरून तात्या आले. कोरं धोतर, फेटा, आणि सकाळीच वाघेश्वराच्या देवळातून आल्यामुळे कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. पाहुण्यांना नमस्कार करून ते म्हणाले, "चला, आपली मशीन मी सोता दाखवतो." आणि थेट दाराकडे निघाले. घैसास सर बाजूला झाले. मीही झाले, खोटं कशाला सांगू.

तेजस्विनी दारात आडवी उभी राहिली.

"तात्या, थांबा."

"आगं, बाजूला सर."

"तात्या, कपाळावरचं भस्म पुसावं लागंल. फेटा काढून टोपी घालावी लागंल. न्हाई तर आत जाता येनार न्हाई."

पोरीनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती. बाप तात्यांच्या मुलाच्या सोसायटीत वॉचमन. हे चुलत आजोबा. त्यांच्या कपाळावरचं देवाचं भस्म पुसायला सांगायचं, तेही दिल्लीच्या पाहुण्यांसमोर! मी गावंडेबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी मध्ये पडा. एक शब्द टाका, तात्यांना हळूच बाजूला न्या, काहीही करा. बाई तोंडातून अक्षर काढेनात. दोन्ही हात मागे घट्ट धरून नुसत्या उभ्या. त्यांचं सगळंच त्या दारात अडकलं होतं. वीस घरांत दिलेला शब्द, जूनचं नेमणूकपत्र, सगळं.

घैसास सर पुटपुटले, "तेजस्विनी, अगं अध्यक्ष आहेत ते."

"माहीत आहे, सर."

तात्यांचा चेहरा लाल झाला. मग म्हणाले, "भसम पुसायचं न्हाई. त्ये देवाचं हाय." आणि वळून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. "मी हितंच बसतो. तुमी जावा."

त्या बंगळूरच्या बाईंनी तेजस्विनीला हिंदीत विचारलं, "ते कोण आहेत, तुला ठाऊक आहे?"

"हो. माझ्या आजोबांचे भाऊ. माझ्या वडिलांची नोकरीपण त्यांच्याकडेच आहे."

बंगळूरच्या बाई चपला काढत म्हणाल्या, "मी येऊ का आत?"

तेजस्विनीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, गजरा."

त्या हसल्या. गजरा काढून त्यांनी माझ्या हातात दिला, जणू मी तिथे त्याचसाठी उभी होते. मग झगा, टोपी घालून त्या आत गेल्या, मागून समितीतले बाकीचे. काचेतून आम्ही बघत होतो. सुदर्शननं मायक्रोस्कोप चालवून दाखवला, दोन मुलींनी काचेवर थर चढवला. धुळीचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण काठावर. त्या बाईंनी तो दोनदा मोजायला लावला. बाहेर आल्यावर चहा घेताना त्यांनी घैसास सरांना सांगितलं, "खोलीचं काम अजून बाकी आहे. फिल्टर नवे घ्या, विजेचं आम्ही वर कळवतो. कोर्स चालू राहील. या मुलांची प्रमाणपत्रं अडणार नाहीत." आणि घैसास सर अशा थाटात मान डोलवत होते, जणू सगळी भिंत त्यांनीच पुसली होती.

मला आनंद झाला, खूप झाला. गावंडेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते सरळ पदरानं पुसलं. पण माझं लक्ष व्हरांड्यातल्या बाकाकडे होतं. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी तात्यांनी हाक मारली, "गावंडेबाई, जरा हिकडं या."

त्या गेल्या. मी पाठोपाठ गेले, बोलावलं नव्हतं तरी.

"भैरूच्या पोरीनं आज मला भाईर बसवलं," तात्या म्हणाले.

"हो."

"असं बोलायला तिला कुनी शिकवलं?"

"मी शिकवलं, तात्या. आणि त्यात तिची किंवा तिच्या वडिलांची काही चूक नाही. विचारायचं तर मला विचारा."

मी डोळे मिटून घेतले. आता जून नाही, भैरूंची नोकरी नाही, सगळं संपलं, असं मनात येऊन गेलं. तात्या जमिनीकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "हितं बसून काचंतनं बगत हुतो. त्या दसऱ्याला मी आत काय केलं, त्ये आज कळलं." आणि पुढे म्हणाले, "आमचा पियुष कंप्युटर झालाय. कंपनीनं पत्र दिलंय, पन बोलवनं न्हाई. म्हनत्यात मंदी हाय. त्याला तुमच्या पुढल्या बॅचला घ्या. आन पहिल्या दिवशी त्याला त्याच दारावर हुबं करा."

हो म्हणा, मी मनात म्हटलं. अहो, अध्यक्षांचा नातू आहे, स्वतः येऊन सांगताहेत, कंत्राट कायमचं होईल, एकदा तरी मुकाट्यानं हो म्हणा! मी मागून त्यांचा पदरसुद्धा ओढला.

गावंडेबाई म्हणाल्या, "प्रवेश परीक्षा आहे, तात्या. त्याला बसायला सांगा."

तात्यांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग फेटा सारखा केला, बाकावरून उठले आणि म्हणाले, "कवा हाय?"